मुलामा आणि कुलचिन्ह

इंग्लंडमधील सरदार-उमरावांच्या जुन्या वाड्यांतून जी वाढपाची भांडी आज संग्रहालयांत आणि लिलावगृहांत येऊन पोहोचली आहेत, त्यांत झाकणाच्या तबकाचा एक प्रकार विशेष लक्ष वेधून घेतो. तबक लांबट चौकोनी, कडा नक्षीदार, झाकणावर मूठ. ही मूठ फिरवून काढली की झाकण उलटे ठेवता येते आणि त्याचेच दुसरे तबक होते. पुष्कळदा तबकाखाली गरम पाण्याचा कप्पा असतो. अशी तबके चारचारच्या संचाने करून घेण्याची रीत होती. वाड्यातील मुदपाकखाना जेवणाच्या दालनापासून फार दूर असे, कारण धूर, वास आणि नोकरांची वर्दळ धनी मंडळींना नको असे. परिणामी अन्न पंगतीला येईपर्यंत निवून जाई. त्यावर उपाय म्हणून ही सारी योजना! रश्श्यासाठी दुहेरी भिंतीची, मध्ये गरम पाणी धरणारी झारी होती. तिला आर्गाइल म्हणत. भाजलेल्या मांसाच्या थोरल्या ताटाच्या तळाला झाडाच्या फांद्यांसारखे पन्हळ पाडलेले असत व त्यांतून रस वाहत जाऊन एका खळग्यात साठे. चहाच्या उंच, तोटीच्या पात्रात तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा सोडीत. आणि या प्रत्येक वस्तूवर, दर्शनी जागी, एक लहानसे चित्र कोरलेले असे. कुठे वेटोळे घातलेला साप, कुठे सिंह, कुठे गरुड.

ही भांडी चांदीची दिसतात, परंतु ती चांदीची नव्हेत. आत तांबे आहे आणि त्याच्या अंगावर चांदीचे पातळ कातडे आहे. तांब्याच्या भांड्यावर एखाद्या उमरावाने आपल्या घराण्याचे चिन्ह का कोरून घ्यावे, हा पहिला प्रश्न. इतक्या पातळ कातड्यावर ते कोरले तरी कसे, हा दुसरा. आम्हाला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच मिळते.

आधी अस्सल चांदीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. त्या काळी चांदीचे ताट म्हणजे केवळ ताट नव्हते, ती शिलकीत ठेवलेली नाणीच होती. इंग्लंडच्या प्रमाणित चांदीत हजारी ९२५ भाग शुद्ध चांदी असे आणि नाणीही त्याच कसाची पाडली जात. गरज पडली की ताट मुशीत जाई. इंग्लंडच्या यादवी युद्धात १६४३ साली पहिल्या चार्ल्स राजाने ऑक्सफर्डच्या विद्यालयांकडून त्यांची चांदीची भांडी मागून घेतली आणि ती वितळवून शिपायांचे पगार भागवले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८९ साली युद्धाच्या खर्चासाठी व्हर्सायच्या राजवाड्यातील चांदीचे सामानसुमान टांकसाळीत पाठवले. तेव्हा अशा वस्तूवर मालकाची खूण हवी, हे ओघानेच आले. चोरी झाली तर ओळख पटावी, वाटणीच्या वेळी वाद होऊ नये, आणि पाहुण्याला यजमान कोण याचा विसर पडू नये, अशी तिहेरी सोय त्या एका चिन्हाने होई.

हे चिन्ह म्हणजे काय, हे समजावून घेण्यासाठी आपल्याला फार दूर जावयास नको. वसईच्या किल्ल्यातील फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या चर्चमध्ये पोर्तुगीज फिदाल्गोंच्या थडग्यांच्या शिळा आहेत आणि त्यांतील काहींवर ढालीच्या आकारात चिन्हे कोरलेली आहेत. ते ढालचिन्ह. युरोपात बाराव्या शतकात लोखंडी शिरस्त्राणाने चेहरा झाकलेल्या लढवय्याला ओळखता यावे म्हणून ढाल रंगवू लागले आणि पुढे ती खूण वंशपरंपरेने चालू लागली. ढालीच्या वर शिरस्त्राण आणि शिरस्त्राणाच्या माथ्यावर जी आकृती, तिला इंग्रजीत क्रेस्ट म्हणतात. आपण तिला तुरा म्हणू. तुऱ्याच्या बुडाशी दोन रंगांच्या कापडाचा पिळलेला वेढा असतो. भांडी लहान असली की पूर्ण ढाल मावत नसे, तेव्हा चमचा, मिठाचे पात्र, झाकण यांवर नुसता तुरा कोरीत. डेव्हनशायरच्या ड्यूकांचा, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचा तुरा साप हा आहे. डर्बीच्या अर्लांचा, म्हणजे स्टॅन्ले घराण्याचा तुरा गरुड आणि त्याच्यापाशी कुंचीतले तान्हे मूल असा आहे. त्यामागे गरुडाच्या घरट्यात सापडलेल्या बालकाची एक दंतकथा सांगतात.

तुऱ्यावर मुकुट असेल तर तोही वाचता येतो. ड्यूकच्या मुकुटाला आठ पाने असतात, त्यांतील पाच चित्रात दिसतात. अर्लच्या मुकुटाला उंच दांड्यांवर आठ मोती, बॅरनच्या मुकुटाला सहा. स्त्री युद्धावर जात नसे म्हणून तिला ढाल नाही आणि तुराही नाही. तिची चिन्हे शंकरपाळ्याच्या आकारात घालतात. त्यामुळे एखाद्या तबकावर शंकरपाळे दिसले की ते कुणा विधवेचे किंवा अविवाहित कुलस्त्रीचे होते, हे जाणकार ताबडतोब सांगतो. आपल्या महागुरुस्वामींच्या पत्रावर ढालीच्या वर तुरा नसून हिरवी टोपी व गोंडे असतात, हे वाचकांनी पाहिले असेलच. त्याचे कारणही हेच. धर्माध्यक्षांच्या डोक्यावर शिरस्त्राण कुठून येणार?

आता चांदीवर रंग नाहीत. मग तांबडी ढाल आणि निळी ढाल यांतील भेद कोरणाऱ्याने दाखवायचा कसा? यासाठी जी युक्ती सर्व युरोपभर रूढ झाली तिचा प्रसार एका येशूसंघीय धर्मगुरूच्या ग्रंथाने झाला. फादर सिल्व्हेस्त्रो पेत्रासांक्ता यांनी १६३८ साली रोम येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रेघांची ही भाषा दिली आहे. उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, उभ्याआडव्या एकमेकींना छेदणाऱ्या म्हणजे काळा, तिरप्या म्हणजे हिरवा किंवा जांभळा, ठिपके म्हणजे सोने. चांदीसाठी मात्र काहीच कोरायचे नाही. कोरी जागा हीच चांदी. कोरे सोडलेल्या त्या जागेचे महत्त्व पुढे दिसेलच.

तांब्यावर चांदी चढवण्याची नवी रीत निघाली ती शेफील्ड या चाकूसुऱ्यांच्या गावी. या गावाचे सर्वांत मोठे जमीनदार नॉरफोकचे ड्यूक. हे घराणे बहुतांशी कॅथोलिक राहिले आणि इंग्लंडमधील सर्व कुलचिन्हांवर देखरेख करणारे अर्ल मार्शल हे पद १६७२ पासून त्यांच्याकडे वंशपरंपरेने आहे. १४८४ साली स्थापन झालेली चिन्हविशारदांची संस्था त्यांच्याच अधिकाराखाली चालते. कॅथोलिकांवर निर्बंध होते त्या काळात ड्यूकना हे काम स्वतः करता येत नसे, प्रॉटेस्टंट नायबाकडून करवावे लागे. ज्याला कायद्याने पार्लमेंटात बसण्याची बंदी, त्याच्याच नावाने इतरांच्या कुलीनतेचे दाखले निघत होते! इतिहासात अशा विसंगती पुष्कळ आढळतात.

सांगतात ते असे, की १७४३ च्या सुमारास टॉमस बोल्सोव्हर नावाचा कारागीर एका सुरीची मूठ दुरुस्त करीत असता अधिक तापल्यामुळे चांदी आणि तांबे एकमेकांस चिकटली. ती वेगळी होईनात. आणि ठोकली तेव्हा दोन्ही धातू एकाच प्रमाणात पसरले. ही गोष्ट खरी असो वा रचलेली, बोल्सोव्हरने या पत्र्याची बटणे व डब्या करण्यास आरंभ केला हे निश्चित. जोसेफ हॅनकॉकने त्यातून मेणबत्तीदाने, कॉफीची पात्रे अशा मोठ्या वस्तू घडवल्या. पुढे बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे मॅथ्यू बोल्टनने या धंद्याला कारखान्याचे रूप दिले. वाफेच्या यंत्रात जेम्स वॉटचा भागीदार म्हणून आपण ज्याचे नाव शाळेत वाचतो, तोच हा बोल्टन.

कृती अशी होती. तांब्याचा ठोकळा व चांदीचा जाड पत्रा दोन्ही खरवडून अगदी निर्मळ करावयाची. एकावर एक ठेवून तारेने घट्ट बांधावयाची, कडेला टाकणखार लावावयाचा आणि भट्टीत सारावयाची. भट्टीच्या झरोक्यातून कारागीर टक लावून पाहत राही. चांदीच्या कडेला ओलसर चकाकी आली की त्याच क्षणी ठोकळा बाहेर ओढावयाचा. जरा उशीर झाला तर चांदी तांब्यात मुरून जाई. मग तो ठोकळा लाटून पत्रा करीत. आपल्याकडील कल्हईत कथील शेवटी, भांडे तयार झाल्यावर लागते. इथे मात्र भांडे घडण्यापूर्वीच दोन धातूंचा सांधा झालेला असे, आणि नंतरचे सारे ठोकणे, वळवणे, वाकवणे त्या चांदीसकट होई. गंमत अशी, की सुरुवातीच्या काळात चांदी एकाच बाजूला असे, तेव्हा आतल्या बाजूस हे इंग्रज कारागीरही कल्हईच करीत. पत्रा कापला की कडेला तांबे उघडे पडे. ते झाकण्यासाठी चांदीची कड दुमडून घेत किंवा वरून चांदीची तार बसवीत.

याला लबाडी म्हणावे काय? तसे म्हणणारे त्या वेळीही होते आणि आजही आहेत. आम्हाला हा आरोप पटत नाही. ही भांडी मुलाम्याची म्हणूनच विकली जात. शेफील्ड व बर्मिंगहॅम येथे कस तपासणारी कार्यालये स्थापन करणारा कायदा १७७३ साली झाला, तेव्हा चांदीच्या छापासारखा छाप मुलाम्याच्या वस्तूंवर मारण्यास शेफील्डमध्ये बंदी आली. १७८४ साली कारागिरांना आपले नाव व खूण नोंदवून उमटवण्याची परवानगी मिळाली, पण ती खूण चांदीच्या छापाशी मिळतीजुळती नसावी अशी अट होती. शिवाय चांदी बाळगणे महाग झाले होते. १७५६ पासून १७७७ पर्यंत घरात शंभर औंसांहून अधिक चांदी असणाऱ्याला दर शंभर औंसांस पाच शिलिंग वार्षिक कर द्यावा लागे. मुलाम्याच्या भांड्यांना हा कर नव्हता. ज्या उमरावाच्या घरी अस्सल चांदीचा संच होता, तोही रोजच्या वापरासाठी मुलाम्याची भांडी ठेवू लागला.

येथे कुलचिन्हाचा प्रश्न उभा राहतो. कोरणाऱ्याची छिन्नी चांदी उकरून काढते. चांदी पातळ आणि रेघ खोल, म्हणजे रेघेच्या तळाशी तांबडे तांबे दिसणार. सापाच्या वेटोळ्यांतून, सिंहाच्या आयाळीतून तांबे डोकावू लागले तर यजमानाची काय शोभा राहिली? बटणावर नक्षी ठशाने उमटवता येते, पण कुलचिन्ह कोरलेलेच हवे. म्हणून कारागिरांनी आधी असे केले, की जेथे चिन्ह यायचे तेथला तुकडा कापून काढून त्या जागी जाड चांदीची टिकली बसवायची व कडेने डाग द्यायचा. पुढे, साधारण १८१० च्या सुमारास, याहून नाजूक रीत रूढ झाली. शुद्ध चांदीचा पातळ गोल किंवा ढालीच्या आकाराचा तुकडा तापवून भांड्याच्या पृष्ठावर ठेवायचा आणि घोटणीने इतका घासायचा की तो खालच्या चांदीशी एकजीव व्हावा. कडा बोटाला लागत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत. त्या तुकड्यात छिन्नी चालण्याइतकी खोली असते. सर्व भांडे मुलाम्याचे, पण नाव जेथे कोरायचे तेवढी जागा खरी!

आम्हाला या रीतीत त्या समाजाचे मन दिसते. ताट पातळ चांदीचे असलेले त्याला चाले, अन्न त्यातच वाढले जाई, पाहुणेही ते जाणून असत. परंतु घराण्याचे चिन्ह तांब्यात उतरणे त्याला सोसवत नव्हते. जिथे वाडवडिलांचे नाव येते तिथे खोटे चालायचे नाही, अशी एक मर्यादा त्याने राखली होती. तिला अभिमान म्हणावे की प्रामाणिकपणा, हे वाचकांनी ठरवावे. दोन्हींचे मिश्रण असावे असे आमचे मत आहे, आणि या धातूंप्रमाणेच ते वेगळे काढता येत नाही.

ही भांडी अटलांटिक ओलांडून प्रजासत्ताकातही गेली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरीस, १७८३ साली, जॉर्ज वॉशिंग्टन यांनी फ्रान्समधील आपले मित्र लाफायेत यांना मुलाम्याची चहाची व जेवणाची भांडी घेऊन पाठवण्याविषयी लिहिले, आणि त्यांवर आपले कुलचिन्ह कोरलेले असावे असेही कळवले. चांदीच्या ढालीवर दोन तांबडे पट्टे व तीन तांबड्या तारका, असे ते चिन्ह. ज्या देशाच्या राज्यघटनेने सरदारकीचे किताब देण्यास बंदी केली, त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष पिढीजात चिन्ह सांभाळून होता. त्याला त्यात विरोध वाटत नसे. त्याच वॉशिंग्टन यांनी १७९७ साली अलेक्झांडर हॅमिल्टन यांना मद्याच्या चार बाटल्या थंड ठेवण्याचे मुलाम्याचे एक पात्र भेट पाठवले. हॅमिल्टन यांचे एक अनैतिक प्रकरण नुकतेच चव्हाट्यावर आले होते आणि अनेकांनी पाठ फिरवली होती. सोबतच्या पत्रात वॉशिंग्टन यांनी त्या प्रकरणाचा उल्लेखही केला नाही. मैत्रीची खूण म्हणून वस्तू पाठवली इतकेच. हॅमिल्टन यांच्या वंशजांनी ती दोनशेहून अधिक वर्षे जपली व २०१२ साली तिचा लिलाव झाला. चांदीच्या वजनाने मोजली तर तिची किंमत किती झाली असती?

इंग्लंडात मात्र चिन्हांचा बाजार मांडला गेला. व्यापारात पैसा केलेल्या कुटुंबांना मेजावर तुरा हवा होता. रीतसर चिन्ह मिळवण्यास अर्ज, चौकशी आणि जबर शुल्क. त्यापेक्षा पुस्तकातून आपल्या आडनावाच्या घराण्याचा तुरा शोधून कोरून देणारा दुकानदार सोयीचा! १८५९ साली निघालेल्या फेअरबर्न यांच्या तुऱ्यांच्या जाडजूड ग्रंथाचा असाही उपयोग झाला. सरकारने हा मोह ओळखला होता. १७९८ साली कुलचिन्ह वापरण्यावरच वार्षिक कर बसवण्यात आला आणि तो विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकानंतरही काही वर्षे चालू राहिला. चिन्हावर तुमचा हक्क आहे की नाही हे कर घेणारा विचारीत नसे. आजही नुसत्या तुऱ्यावरून घराणे निश्चित सांगता येत नाही. एकच सिंह, एकच खंजीर धरलेला हात कित्येक घराण्यांचा असतो.

या सर्वांत ज्यांचे चिन्ह कुठेच नाही, त्यांचेही स्मरण ठेवणे भाग आहे. चांदीला शेवटची झळाळी देण्याचे काम मुख्यतः स्त्रियांचे. पोलादाच्या व रक्ताश्म दगडाच्या घोटण्या साबणाच्या पाण्यात बुडवून त्या तासन्‌तास भांडी घोटीत. शेफील्डच्या पॉलिशखात्यातील मुली कपड्यांवर तपकिरी कागद गुंडाळून व डोक्याला रुमाल बांधून काम करीत, तरी घरी जाताना अंगभर काळा मळ असे. वाड्यातील नोकरांची गत निराळी नव्हती. लोहगेरूची लाल पूड उघड्या अंगठ्याने चोळून भांडी उजळायची. आरंभी बोटांना फोड येत, ते फुटत, पुन्हा येत, आणि शेवटी कातडी राठ होई. याच चोळण्याने मुलामा झिजे. उंचवट्यांवर, मुठीच्या कडेला, जिथे हात सर्वाधिक फिरे तिथे तांबे लालसर दिसू लागे.

जुन्या रीतीचा अंत विजेने केला. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी १८४० साली विद्युत्‌प्रवाहाने चांदी चढवण्याचे पेटंट घेतले. त्यासाठी सायनाइडचे द्रावण उपयोगी पडते हा शोध तेथील जॉन राइट या शल्यवैद्याचा. आता भांडे आधी घडवायचे, चिन्ह आधी कोरायचे आणि मग सर्वांवर चांदी चढवायची. रेघेच्या तळालाही चांदी! खरी टिकली बसवण्याची गरज उरली नाही. दहापंधरा वर्षांत शेफील्डची भट्टी थंडावली. आतला धातूही बदलला. तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रणाला जर्मन सिल्व्हर म्हणू लागले, पण त्यात चांदीचा कणही नसतो. आपल्याकडे जर्मनचे पातेले म्हणतात ते ॲल्युमिनियमचे. त्याचा याच्याशी संबंध नाही. जुन्या काट्याचमच्यांच्या मागे ई.पी.एन.एस. ही चार अक्षरे दिसतात, ती मात्र याच मिश्रणावर विजेने चढवलेल्या चांदीची. पुढे आगबोटी, उपाहारगृहे व क्लब यांनीही आपापली चिन्हे भांड्यांवर घातली.

ही चिन्हसंस्कृती आपल्या देशातही आली. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई यांना १८५७ साली बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्यांच्या ढालीवर मुंबईजवळच्या घाटांमागून उगवणारा सूर्य व दोन मधमाश्या आहेत, तर तुऱ्यात मोर आहे. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना जी निशाणे देण्यात आली त्यांवरील चिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर यांनी युरोपीय धर्तीवर रचली होती. ज्यांच्या पूर्वजांनी शिरस्त्राणावर असला तुरा कधी पाहिला नव्हता, त्यांना तो तयार मिळाला.

१८८२ च्या कायद्याने न्यायालयाच्या परवानगीने वारशाच्या वस्तू विकणे शक्य झाले आणि १८९४ साली वारसाकराचा बोजा वाढला. शेतीचे उत्पन्न घटलेले होतेच. वाड्यांमागून वाडे रिते होऊ लागले व भांडी दुकानांत आली. नव्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याचे चिन्ह नको असे, म्हणून दुकानदार ते घासून टाकी. अस्सल चांदीचे भांडे तिथे पातळ होते आणि अंगठ्याने दाबले तर किंचित लवते. मुलाम्याचे असेल, आणि टिकली नसेल, तर तांबे उघडे पडते. ते झाकायला पुन्हा विजेची चांदी चढवतात आणि जाणत्यांच्या लेखी त्या भांड्याची किंमत जाते. टिकली असेल तर मात्र चिन्ह गेले तरी ती राहते. एरवी ती दिसत नाही. पारखी मनुष्य तबक तोंडाजवळ धरून त्यावर उच्छ्वास सोडतो. शुद्ध चांदी भोवतालच्या मिश्र चांदीहून किंचित पांढरी असल्यामुळे दवाच्या त्या धुरकट पडद्यात क्षणभर एक गोल उमटतो, आणि पारखी त्यावरून वस्तूचा काळ आपल्या वहीत टिपून घेतो.